कबरीतून वर येण्याची तालीम

माझ्या मामांना कबरीत ठेवायला मी खाली उतरलो आणि मला वर येता येईना. ही गोष्ट मीच सांगितलेली बरी, कारण आमच्या गल्लीत ती माझ्याआधी पोचली होती आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी वेगळी होती. कोणी म्हणे सरांना चक्कर आली, कोणी म्हणे सर दुःखाने खालीच बसले. तसलं काही नव्हतं. माझं पोट आणि माझे गुडघे यांनी संगनमत करून मला दगा दिला होता.

आमच्यात मयताला कबरीत निजवायला घरचीच दोन-तीन माणसं खाली उतरतात. मामांना मुलगा नव्हता, म्हणून डोक्याच्या बाजूला मी उतरलो आणि पायांच्या बाजूला माझ्या बहिणीचा मुलगा, जो गंगापूरला असतो. आमच्याकडची जमीन मुरमाड. छातीइतकी खोल कबर खणायची म्हणजे खणणाऱ्यांचा जीव निघतो. उतरताना दोघांनी माझे हात धरले होते, त्यामुळे काही कळलं नाही. मामांना निजवलं, कफनाची गाठ सोडली, तोंड मक्केच्या दिशेला, पश्चिमेकडं वळवलं. मग काठावर दोन्ही हात टेकून मी अंग वर उचललं. म्हणजे उचलायला गेलो. अंग जागचं हललं नाही. पुन्हा जोर केला तर हाताखालचा मुरूम सुटला आणि मामांच्या कफनावर पडला. तो आवाज ऐकून मला घाम फुटला.

वर माणसं कबर झाकायच्या फरश्या घेऊन थांबली होती आणि मी मधे उभा. शेवटी दोघांनी माझ्या काखेत हात घातले, भाच्याने खालून ढकललं आणि मला ज्वारीच्या पोत्यासारखं ओढून बाहेर काढलं. "सर, इत्ती जल्दी कायकू?" कोणीतरी मागून पुटपुटलं. कबरस्तानात हसत नाहीत, म्हणून बरेच जण एकदम रुमालाने नाक पुसायला लागले. मी लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो आणि मनातल्या मनात प्रत्येकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

घरी आलो तर अम्माला सगळं कळलेलं. अम्मा म्हणजे माझी आई, ऐंशीच्या पुढं गेलेली. दाराजवळच्या पलंगावरून तिला अंगण आणि गल्ली दोन्ही दिसायचं, त्यामुळे बातमीला तिच्यापर्यंत यायला वेळ लागत नसे. सख्खा धाकटा भाऊ मातीत गेल्याच्या दिवशी ती हसली. पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसले, माझ्या मुरूम लागलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"पर मेरेकू कौन उतारेगा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "अम्मा, काहीतरी बोलू नको."

"काहीतरी कसं? त्यानं वादा केला होता. तो तर पुढं गेला. आता कोन हाय?"

आता कोण होतं, याचा हिशेब सोपा होता. मला दोन मुली. जावई चांगले आहेत, पण अम्मा त्यांच्यासमोर पदर सारखा करून बसणारी बाई. "जावयांच्या हातात द्यायचं नाय मला," असं तिने मागेच बजावलं होतं. भाचा होता, पण तो पायांकडं. भाऊ गेल्यावर डोकं तिला मुलाच्याच हातात हवं होतं. आणि मुलगा कसा आहे, ते आज सगळ्या गावाने पाहिलं होतं.

ही म्हातारपणाची लहर नव्हती. अम्माचं माहेर फर्दापूरच्या पलीकडचं एक खेडं. निजामाच्या राज्यावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा ती लहान पोर होती. त्या धामधुमीत बायका-पोरांना दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं, आणि तिचे वडील तापाने फणफणलेले, म्हणून मागेच राहिले. घरचे परत आले तेव्हा गावाबाहेर नुसता मातीचा ढीग होता. शेजारच्या धनगरांनी त्यांना माती दिली होती. ते लोक शेवटपर्यंत आमच्या आजीला बहीण मानत, आणि अम्माने त्यांना कधी नाव ठेवलं नाही. "त्यांनी केलं, अल्ला त्यांचं भलं करो," असंच ती म्हणायची. पण कोण खाली उतरलं, डोकं कोणी धरलं, तोंड कुणीकडं केलं, हे तिला कधी कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि मग सांगणारी माणसं राहिली नाहीत. तेव्हापासून तिच्या मनात एकच बसलं होतं, आपल्याला आपल्या माणसाने उतरवायचं.

मामा गेले त्याच वर्षी थंडीत अम्माच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि हृदय थकलंय म्हणाले. "किती दिवस?" मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. काळजी घ्या." मी तिथंच समजलो की आता माझी आणि तिच्या आजाराची शर्यत लागली आहे. ही शर्यत जिंकली तरी हरल्यासारखीच होती.

मी शहरातून जाऊन-येऊन पाचोडला झेडपीच्या शाळेत मराठी शिकवत आयुष्य काढलं. बसून शिकवलं, बसून पेपर तपासले, गावात स्कूटरवर बसून हिंडलो, आणि शुक्रवारी नान-कलिया समोर आला की बसल्या बैठकीला ताट कोरं केलं. निवृत्तीपर्यंत साखर वाढली होती, आणि जमिनीवरून उठताना मी भिंतीला, खुर्चीला, दिसेल त्या नातवंडाला धरत होतो. डॉक्टर वर्षानुवर्षं चाला म्हणत होते. मी हो म्हणत होतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं मुलांना फळ्यावर लिहून द्यायचो, आणि आता स्वतः कुदळ शोधत फिरत होतो.

फिजिओथेरपिस्ट म्हणून एक तरुण बाई भेटली. तोंडाने फटकळ, पण कामाची पक्की. तिने माझे गुडघे दाबून पाहिले आणि विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? चालायचंय, जिने चढायचेत, की लेणी बघायला जायचंय?"

कबरीत उतरायचंय, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. आई घरात जिवंत असताना हे शब्द उच्चारणं मला अपशकुनी वाटलं.

"विहिरीत उतरायचंय," मी म्हणालो.

"या वयात? कशाला?"

"शेतात विहीर आहे. मोटर बघायला उतरावं लागतं." माझं कुठंही वीतभर शेत नाही.

तिने कपाळाला हात लावला, पण मग हसून म्हणाली, "उतरणं सोपं असतं काका. आपण वर येण्याचा अभ्यास करू." आणि तिने तोच करून घेतला. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, मग ओट्याच्या पायरीवर चढ-उतार, मग भिंतीवर तळवे टेकून खांद्यांचा व्यायाम. सकाळी हिमायत बागेत चालायला जायला लागलो. चालणारे लोक विचारायचे, सर, एकदम काय मनावर घेतलं? मी म्हणायचो, शुगर. शुगर म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.

पण खरी तालीम घरात होती, आमच्या हौदात.

आमच्या शहरात ज्याच्या घरी हौद नाही त्याचं काही खरं नाही. नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठवड्याने, आणि आला की जमेल तेवढं भरून ठेवायचं. आमच्या अंगणातला हौद जुना, जमिनीत खोदलेला, लांबट, वर पत्रा. उभा राहिलो की काठ बरोबर छातीला लागायचा. पाणी यायच्या आदल्या दिवशी तो रिकामा होई. बायकोला वाटे की मी हौद घासायला उतरतो. मी ब्रश आणि बादली घेऊन उतरत होतोच, पण घासून झालं की काठाला धरून वर यायचा प्रयत्न करायचो. आधी स्टूल घेऊन. मग स्टूल काढून दोन विटा. मग विटाही नकोत म्हणून पाहिलं, तर पुन्हा पोतं.

"इतका चकचकीत हौद सगळ्या गल्लीत कोणाचा नाही," बायको शेजारणींना सांगायची. तिला नवऱ्याचं कौतुक सांगायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनाही आश्चर्य वाटे.

अम्मा पलंगावरून सगळं बघायची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मी हौदात उतरलो की तिच्या हातातली तसबीह थांबायची. मी वर आलो की मणी पुन्हा सरकायला लागायचे.

एकदा मी विटांशिवाय उतरलो आणि उजवा गुडघा आखडला. नुसता दुखला नाही, कुलूप लागल्यासारखा अडकला. बायको शेजारी गेली होती. मी काठाला धरून उभा, आणि तेवढ्यात नळाच्या तोंडातून सूं सूं आवाज यायला लागला. पाण्याआधी नळातून हवा येते. हा आवाज ऐकला की आमच्याकडं झोपलेला माणूसही उठून बसतो. पाणी यायचा तो दिवस नव्हता. पण त्या खात्याला दिवस-बिवस कधी कळले?

नळाचा पाइप थेट हौदात सोडलेला होता. आधी गढूळ पाणी आलं, मग जोरात धार. चपला तरंगायला लागल्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं. हौद भरला तर माणूस तरंगून वर येईल, असं शहाणपण आता सुचतं. तेव्हा मला फक्त सिमेंटच्या चार भिंती दिसत होत्या आणि छातीत धडधड ऐकू येत होती. मी भ्यालो होतो. अगदी लहान मुलासारखा भ्यालो होतो.

"अम्मा!" मी ओरडलो. जिला स्वतःला उठून बसवत नव्हतं, तिला मी हाक मारली.

"हाय मी," ती म्हणाली. "बोंबलू नको. मी अजून मेले नाय, तू कशाला मरतोस?"

"पाय अडकलाय."

"मग पाय ऱ्हाऊ दे. पोट हाय ना एवढं मोठं? पोटावर ये!"

एरवी मी चिडलो असतो. पण मी दोन्ही कोपरं काठावर टाकली, डाव्या पायाने भिंतीला रेटा दिला आणि पोटावर पडून सरपटत बाहेर आलो. शर्ट फाटला, कोपर सोलून निघालं. ओल्या फरशीवर पालथा पडून धापा टाकत होतो, तर पलंगावरून आवाज आला, "आला. सरपटत आला, पन आला." आणि तसबीहचे मणी पुन्हा वाजायला लागले.

त्यानंतर मात्र बायकोला सगळं सांगावं लागलं. ती भडकलीच. पाचोडची बाई, तिचा आवाज चढला की तीन घरं ऐकतात. "तुम्हाला शुगर, तुम्हाला बीपी. तिथं खाली काही झालं म्हंजी? एकाला ठेवायला जायचं आन् दोघांना ठेवून यायचं का? भाचा हाय की. तो उतरंल. रीत माणसासाठी असती, माणूस रीतीसाठी नाय!" तिचं चूक नव्हतं. भाच्याचाही फोन आला, "मामू, आप ऊपर रहो. मी डोक्याकडं उतरतो, दुसरा कोणी पायांकडं घेऊ." मी फोन ठेवला आणि अम्माकडं पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते, पण ती जागी होती.

उन्हाळा लागता लागता अम्माला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणली तेव्हा ती अर्धी झाली होती. मी फिजिओथेरपिस्टकडं गेलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, "विहीर-बिहीर काही नाही. मला आईला कबरीत उतरवायचंय."

तिने माझी फाईल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काका, हे आधी सांगायचं होतं. मी तुम्हाला रिकाम्या हाताने वर यायला शिकवलं. तुम्हाला अरुंद जागेत वाकायचंय, वरून वजन घ्यायचंय, आणि ते हळूच खाली ठेवायचंय. त्याने कंबर जाते. वर येणं राहिलं बाजूला, तुमच्या हातून निसटलं असतं."

कबर या एका शब्दाच्या भीतीपायी मी महिनोन् महिने भलतीच तयारी केली होती. मुरूम मामांच्या कफनावर पडला होता तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. या वेळी मुरूम नसता पडला.

तिने तिथंच दोन उशा एका चादरीत गुंडाळल्या आणि पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यातून कसं खाली जायचं ते दाखवलं. वजन छातीशी धरायचं. श्वास रोखायचा नाही. घरी गव्हाची पिशवी घेऊन सराव करा, म्हणाली.

घरी मी गव्हाची पिशवी गोधडीत गुंडाळून वाकत होतो, तर अम्मा पलंगावरून म्हणाली, "गहू कशाला? मेरेकूच उठा ना."

"अम्मा..."

"न्हाणीत न्यायला बायको उचलती. तू उचल. वजन कळंल."

तेव्हापासून तिला मीच उचलायला लागलो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून न्हाणीत, पुन्हा पलंगावर. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, पाठ सरळ, श्वास चालू. आधी आधी हात थरथरायचे आणि ती माझ्या मानेला घट्ट धरून "हल्लू, हल्लू" म्हणायची. मग थरथर कमी झाली. मग ती मला हलकी वाटायला लागली. मी खूश झालो. बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, आता दमही लागत नाही.

बायकोने माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. मग माझ्या लक्षात आलं. अम्मा दोन चमचे खिमटीच्या पुढं जेवत नव्हती. माझी ताकद वाढत होती की तिचं वजन घटत होतं, हे मला सांगता येईना. रोज तिला उचलताना मनात दोन माणसं बोलायची. एक म्हणायचा, आज सोपं गेलं. दुसरा म्हणायचा, आज सोपं गेलं. पहिल्याचा मला राग यायला लागला.

पण उचलणं मी सोडलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची आणि कधी विचारायची, "जमतंय ना?" मी म्हणायचो, "जमतंय." तिला त्यावर झोप लागायची.

आषाढ लागल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी ती गेली. मी तिला उठवून बसवायला हात घातला होता, मानेखाली एक, गुडघ्यांखाली एक. त्या हातांतच कळलं.

दुपारी नमाजनंतर माती होती. कबरस्तानात लोक मला वाट देताना माझ्या गुडघ्यांकडं बघत होते, हे मला दिसत होतं. भाचा म्हणाला, "मामू, पक्का?" मी म्हणालो, "तू पायांकडं हो." पावसाने माती निसरडी झाली होती. मी काठावर बसलो, पालथा झालो, पाय सोडले आणि कोणाचाही हात न धरता उतरलो.

वरून तिला सोडलं. मी पाय फाकवले, पाठ सरळ ठेवली, छातीशी घेतली. श्वास चालू ठेवला. तिचं डोकं माझ्या कोपराच्या आत आलं, रोज यायचं तिथंच. खाली जाताना माझ्या तोंडून दुआ निघाली आणि तिच्यामागोमाग, मला न विचारता, "हल्लू, हल्लू" निघालं. तिला ठेवली. गाठ सोडली. तोंड पश्चिमेकडं वळवलं आणि हाताने चाचपून पुन्हा पाहिलं, की नीट वळलंय. मातीचा एक खडाही तिच्यावर पडला नव्हता.

भाचा वर गेला. मी उभाच राहिलो. पाय ठीक होते, गुडघे ठीक होते, काठ छातीला लागत होता. इतके महिने मी फक्त इथून वर कसं यायचं ते शिकत होतो, आणि आता मला वर यायचं नव्हतं. वर गेलो की ती खाली एकटी राहणार होती.

"अटकले वाटतं," वर कोणीतरी म्हणालं. दोन हात पुढं आले. "सर, हात द्या."

मी हात दिले नाहीत. कोपरं काठावर टाकली, डाव्या पायाने रेटा दिला आणि वर आलो. या वेळी पोटावर सरपटावं लागलं नाही. पण उभा राहिलो आणि मग मात्र मला सावरायला माणसं लागली, कारण मी ओक्साबोक्शी रडायला लागलो होतो.

चाळिसावा झाला, पाहुणे गेले. पलंग अजून दाराजवळ होता. मी चालायला जाणं बंद केलं होतं. शुक्रवारी ताट पुन्हा भरायला लागलं होतं आणि कोणी हटकत नव्हतं. पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद रिकामा झाला, तर मी प्लंबरकडच्या पोराला धुवायला बोलवू म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं, आत गेली, आणि ब्रश-बादली आणून माझ्या पायांशी ठेवली. मी तिच्याकडं पाहत राहिलो. जिने घसा फोडून मला अडवलं होतं, ती हीच बाई.

"हौद धुवायचं सोडू नका," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता तिने ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "मला बी जावई नको."